घोडा खच्ची करण्याचे चिमटे: सेरा, रायमर, हेंडरसन आणि दवाखान्यातला बर्डिझो

शिंगरू खच्ची करताना चिमटा प्रत्येक बाजूला जेमतेम दीड-दोन मिनिटे लागलेला असतो. तेवढ्यात रक्तवाहिनी नीट चिरडली गेली, तर पुढचे दोन आठवडे फिरवणे, धुणे आणि माश्या हाकलणे एवढ्यावर भागते. नाही गेली, तर त्याच संध्याकाळी रक्ताची धार आणि डॉक्टरांना फोनवर फोन. तरीही घोडेवाल्यांच्या बोलण्यात भुलीची औषधे येतात, फी येते, मुहूर्तसुद्धा येतो. चिमटा कोणता होता हे मात्र कोणी विचारत नाही.

म्हणून या चार अवजारांचे परीक्षण. सेरा आणि रायमर हे एमॅस्क्युलेटर जातीचे, म्हणजे वृषणाची दोरी चिरडून कापणारे, चिमटे आहेत, हेंडरसन ड्रिल मशीनला लावून चालवतात आणि बर्डिझो हा बैल खच्ची करण्याचा चिमटा आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात असतो. निकाल आधीच सांगून टाकतो. एक-दोन वर्षांच्या शिंगरासाठी सेरा, वयात आलेल्या जाड दोरीच्या अंडील (खच्ची न केलेल्या) घोड्यासाठी रायमर, वर्षाला बरेच घोडे करणाऱ्याने हेंडरसनचा विचार करावा. बर्डिझो घोड्यापासून लांब ठेवावा. किमती दिलेल्या नाहीत, कारण एकाच नावाचा चिमटा आयात केलेला आणि देशी बनावटीचा यांत इतका फरक पडतो की आकडा सांगून फसवल्यासारखे होईल.

चिरडणे आधी, कापणे नंतर

पोटातून वृषणाकडे उतरणाऱ्या दोरीत धमनी, तिच्याभोवती शिरांचे वेटोळे, शुक्रवाहिनी आणि मज्जातंतू असतात. हे सगळे एका पांढऱ्या चिवट आवरणात गुंडाळलेले असते आणि आवरणाला बाहेरून स्नायूचा पट्टा चिकटलेला असतो. घोडा दचकला की अंडे वर ओढले जाते, ते याच पट्ट्याने. एमॅस्क्युलेटरच्या जबड्यात दोन भाग असतात. पोटाकडचा भाग खाचांचा आणि बोथट, तो दोरी चिरडतो. वृषणाकडचा भाग म्हणजे पाते, ते दोरी कापते. चिरडलेल्या धमनीचे आतले थर फाटून गोळा होतात, तिथे रक्त गोठते आणि तोंड बंद होते. कापण्याने फक्त अंडे वेगळे होते, रक्त थांबत नाही.

ही गोष्ट लक्षात घेतली तर दुकानातले प्रात्यक्षिक फसवे का, ते कळते. विक्रेता दोरीचा तुकडा जबड्यात धरून टचकन कापून दाखवतो आणि घेणारा खूश होतो. पाते तल्लख आणि चिरडणारी पट्टी सैल असा चिमटा बोथट चिमट्यापेक्षा वाईट. बोथट चिमटा निदान कापताना अडतो आणि काहीतरी बिघडले आहे हे हाताला कळते. तल्लख चिमटा अजिबात न चिरडलेली धमनी मोकळी सोडून देतो, आणि ती आखडून वर निघून जाते.

दुसरी गोष्ट दिशेची. चिमट्याच्या बिजागरीवर एका बाजूला नट असते. नट वृषणाच्या बाजूला ठेवायचे, हा जगभर शिकवला जाणारा नियम. उलटा लावला तर चिरडलेला भाग अंड्याबरोबर ताटात येतो आणि घोड्याच्या अंगाशी राहतो तो नुसता कापलेला टोक. नवशिक्यांच्या हातून होणाऱ्या चुकांत ही सर्वांत महाग, आणि ती टाळायला दोन सेकंद पुरतात.

सेरा

याच्या जबड्याला हलका बाक आहे. सरळ जबड्याचा चिमटा कात्रीसारखा मिटतो. बिजागरीजवळ दाब जास्त, टोकाकडे कमी, आणि दोरी टोकाकडे सरकते. बाकामुळे दाब दोरीच्या पूर्ण रुंदीवर जवळपास सारखा पडतो. याच एका गुणावर सेरा आमच्या पसंतीत पहिला आहे. चिरडणे आणि कापणे एकाच दाबात होते, त्यामुळे एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात अंडे एवढ्यात काम निभावते. मदतनीस कच्चा असेल तर हे फार मोलाचे.

तोटाही तिथेच आहे. दोन्ही कामे एकदम होत असल्यामुळे कापले गेले की मन म्हणते, झाले. झालेले नसते. पाते आरपार गेल्यावरही चिमटा मिटलेलाच ठेवून किमान एक ते दोन मिनिटे थांबायचे. काहीजण घोड्याच्या वयाच्या दर वर्षाला एक मिनिट असा हिशेब धरतात आणि तो वाईट नाही. घड्याळ लावावे, अंदाजावर जाऊ नये. घामाघूम माणसाचा एक मिनिट वीस सेकंदांचा असतो.

सेरा लावताना पुढच्या चुका होतात. दोरीला काटकोनात न लावता तिरका लावला की कापलेले तोंड मोठे होते आणि चिरडण्याची पट्टी पातळ पडते. अंडे खाली ओढून धरत चिमटा मिटला की धमनी ताणलेल्या अवस्थेत तुटते आणि आखडून आत जाते. म्हणून दाबण्याच्या क्षणी ओढ सोडायची, दोरी सैल ठेवायची. वृषणाच्या पिशवीच्या कातड्याची घडी जबड्यात आली तर कातडे सगळा दाब खाते आणि धमनी अर्धी चिरडते. मिटण्याआधी जबड्याभोवती बोट फिरवून कातडे मोकळे आहे ना ते पाहावे. गॉझचा तुकडा अडकला तरी तेच होते, शिवाय पात्याची धार जाते.

चिमटा काढण्याआधी दोरीचे टोक फोर्सेप्सने हलकेच धरून ठेवायचे, मग जबडा उघडायचा आणि पाहायचे. कोरडे असेल तर सोडून द्यायचे. रक्त येत असेल तर टोक अजून हातात आहे, परत चिरडता येते किंवा विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधता येते. एकदा वर गेलेले टोक शोधणे म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ.

रायमर

रायमरला तीन मुठी असतात. दोन मुठी मिटल्या की दोरी चिरडली जाते, तिसरी वेगळी मूठ दाबली की पाते कापते. म्हणजे आधी पुरेसे चिरडायचे, थांबायचे, खात्री करायची आणि मगच कापायचे. तीन-चार वर्षांच्या अंडील घोड्याची दोरी मनगटाएवढी भरते, तिथे हे स्वातंत्र्य उपयोगी पडते. अशा घोड्यात आवरण उघडून धमनी-शिरांचा भाग एका वेळी आणि आवरण-स्नायूचा भाग दुसऱ्या वेळी असे दोनदा लावणे जास्त भरवशाचे. सगळे एकदम कोंबले तर मधला गाभा चिरडलाच जात नाही.

याचे वजन जास्त, भाग जास्त, त्यामुळे झिजण्याच्या जागाही जास्त. तिसऱ्या मुठीचा सांधा सैल झाला की पाते चिरडण्याच्या पट्टीवर घासायला लागते. छोट्या हातांना दोन मुठी मिटून ठेवत तिसरी दाबणे अवघड जाते आणि मदतनिसाचा हात मागावा लागतो. वर्षाच्या लहान चणीच्या शिंगराला रायमर लावणे म्हणजे कोथिंबीर चिरायला कोयता. चालते, पण बोजड होते.

हेंडरसन

हे अवजार पाहिल्यावर पहिल्यांदा सगळेच हसतात. लांब दांडा, त्याच्या टोकाला पकडीसारखा जबडा आणि दुसरे टोक बॅटरीच्या ड्रिलमध्ये बसवलेले. दोरी जबड्यात धरायची, ड्रिल सुरू करायचे, दोरी पिळत जाते आणि वीस-पंचवीस फेऱ्यांनंतर तुटून वेगळी होते. पिळल्याने धमनी स्वतःवरच गुंडाळली जाऊन बंद होते. तत्त्व तेच, जे दोराच्या टोकाला पीळ घालून ते उसवू न देण्याचे.

चांगले केले तर टोक कोरडे, सूज कमी आणि कापण्याचा प्रश्नच नाही. सगळा जीव वेगात आहे. पहिले पाच-सात फेरे अगदी सावकाश, मग हळूहळू वाढवत जायचे. सुरुवातीलाच ट्रिगर पूर्ण दाबला तर बंद होण्याआधीच दोरी फाटते आणि जे वाचवायचे तेच गमावले जाते. फेरे चालू असताना दांडा दोरीच्या रेषेत ठेवायचा, खाली ओढायचा नाही. आवरणावरची चरबी आणि पापुद्रे गॉझने खरवडून दोरी साफ केली नाही तर जबडा घसरतो.

आपल्याकडे अडचण दुसरीच. दांडा ऑटोक्लेव्ह होतो, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करता येतो, ड्रिल होत नाही. त्यामुळे ड्रिलवर निर्जंतुक पिशवी चढवावी लागते आणि हे पाऊल गाळलेले सर्रास दिसते. बॅटरी अर्धी भरलेली असली की बाराव्या फेऱ्याला यंत्र दम टाकते. पूर्ण चार्ज केलेली दुसरी बॅटरी नसेल तर हेंडरसन बाहेर काढू नये, आणि एमॅस्क्युलेटर बाजूला तयार हवाच. म्हणजे हेंडरसन घेऊनही सेरा घ्यावाच लागतो. वर्षाला चार-सहा शिंगरे करणाऱ्याला हा खर्च कशाला हवा?

बर्डिझो

बैलाला न कापता बाहेरूनच चिमटा लावून खच्ची करायची सवय गावोगाव आहे, म्हणून घोड्यालाही तोच लावा अशी मागणी होते. बैलाची पिशवी लांब लोंबती, मान निमुळती, कातडीखाली दोरी बोटाने एका कडेला सरकवून धरता येते. घोड्याची पिशवी आखूड आणि अंगालगत, वृषण आडवे, दोरी धरायला जागाच नाही. चिमटा अर्धा कातडीवर, अर्धा दोरीवर बसतो. मग सूज भयंकर, वेदना आठवडाभर आणि वृषणाचा काही भाग जिवंत राहून घोडा अंडीलच राहण्याची शक्यता. बैलांसाठी उत्तम अवजार, घोड्यासाठी शून्य गुण.

चिमट्याच्या आधी

अवजार कितीही चांगले असले तरी ते लावण्यापूर्वीची तपासणी नीट नसेल तर पैसे वाया. सेवा घेणाऱ्याने डॉक्टरांकडून खालच्या गोष्टींची अपेक्षा ठेवावी आणि त्या झाल्या नाहीत तर काम थांबवायला लाजू नये.

दोन्ही वृषणे पिशवीत हाताला लागली पाहिजेत. शिंगराची वृषणे जन्माच्या आधीच्या महिन्यात किंवा जन्मानंतर पहिल्या दहा दिवसांत खाली उतरतात. वर्षाच्या शिंगरात एकच लागत असेल तर त्या दिवशी खच्ची करायचेच नाही. खाली असलेले एक काढून टाकणे ही सर्वांत घातक तडजोड. पोटात राहिलेले वृषण संप्रेरक बनवत राहते, घोडा माजावर येतो, पण बाहेरून पाहणाऱ्याला तो खच्ची वाटतो. पुढचा खरेदीदार फसतो आणि नंतरच्या शल्यविशारदाला कोणत्या बाजूचे राहिले हे कळत नाही. अशा घोड्याची शस्त्रक्रिया टेबल असलेल्या रुग्णालयात, अनुभवी हातांनीच व्हावी. मुंबईच्या परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, तिथे किंवा अशाच मोठ्या संस्थेत विचारणा करावी.

पिशवीत हात लावताना आतडे खाली उतरलेले नाही ना, हेही पाहतात. जांघेचा हर्निया असलेल्या शिंगराला साध्या उघड्या पद्धतीने खच्ची केले तर आतडे जखमेतून बाहेर येते.

वय सहा महिने ते दोन वर्षे. लवकर केले तर दोरी पातळ, रक्त कमी, जखम लवकर भरते. घोडा खुरटतो ही समजूत उलटी आहे. वृषणाचे संप्रेरक हाडांच्या वाढीच्या पट्ट्या बंद करायला मदत करते, त्यामुळे लवकर खच्ची केलेला घोडा किंचित उंचच होतो. मान आणि खांदा अंडील घोड्यासारखा भरत नाही, हे खरे.

ऋतू हिवाळा, डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात चिखल आणि माश्या, मे महिन्यात घाम आणि धूळ. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेल्या शिंगराला घरी आणून दोन-तीन आठवडे सोडावे. प्रवासाचा थकवा, मेळ्यातून लागलेली सर्दी किंवा घशाच्या गाठी दिसायला तेवढा वेळ लागतो, आणि तापातल्या जनावराला भूल देणे हा वेडेपणा.

धनुर्वाताची लस चालू असावी. घोडा हा धनुर्वाताला सर्वांत हळवा प्राणी आहे आणि तबेल्याच्या मातीत त्याचे जंतू असतातच. पूर्वी लस दिलेली नसेल तर लस आणि १५०० युनिट प्रतिविष दोन वेगळ्या जागी टोचतात.

आदल्या रात्रीपासून चंदी आणि गवत बंद, म्हणजे आठ ते बारा तास. पाणी बंद करायचे नाही.

भूल आणि पंधरा मिनिटे

वजनाचा अंदाज डोळ्याने घेऊ नये. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळे सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०. लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत. घेर १४५ आणि लांबी १४० असेल तर सुमारे २४८ किलो. हे सूत्र मोठ्या घोड्यांचे, शिंगराचे वजन त्यातून थोडे कमीच निघते.

सर्वाधिक चालणारी भूल म्हणजे झायलाझीन १.१ मिलिग्रॅम आणि केटामाईन २.२ मिलिग्रॅम प्रति किलो, दोन्ही शिरेतून. अडीचशे किलोच्या शिंगराला २७५ आणि ५५० मिलिग्रॅम. झायलाझीनच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिळतात, म्हणून हिशेब मिलिलिटरमध्ये पाठ करणारा माणूस धोकादायक. आधी झायलाझीन, मग मान गुडघ्यापर्यंत खाली येऊन घोडा डुलायला लागेपर्यंत वाट, त्यानंतरच केटामाईन. मान खाली येण्याआधी घाईने केटामाईन दिले की घोडा झोपण्याऐवजी बिथरतो. केटामाईन शेड्यूल एक्समधले, म्हणजे कडक नियंत्रणाखालचे औषध आहे, ते नोंदणीकृत पशुवैद्यकाच्याच हातात असते. म्हणूनच चार माणसे, दोर आणि पिछाडी बांधून विनाभूल पाडणारे अजून भेटतात. त्यांच्याकडून करवून घेऊ नये, कितीही स्वस्त पडले तरी.

या मात्रेतून दहा ते वीस मिनिटे मिळतात. प्रत्येक वृषणात २ टक्के लिग्नोकेन दहा मिलिलिटर टोचले की दोरी बधिर होते, स्नायू सैल पडतो आणि अंडे वर ओढले जात नाही. ही पायरी गाळणाऱ्या डॉक्टरांना केटामाईन पुन्हा द्यावे लागते. उभ्या घोड्यावर डेटोमिडिन हे गुंगीचे औषध देऊन काम करण्याची पद्धत आहे, पण ती उंच, शांत आणि हाताळलेल्या घोड्यासाठी. लहान चणीच्या शिंगराखाली वाकणे म्हणजे लाथेला आमंत्रण.

आडवे पडल्यावर म्होरकी काढून टाकावी. तिची कडी गालाखाली दबली तर चेहऱ्याचा मज्जातंतू दुखावतो आणि ओठ लोंबतो. डोळ्यावर टॉवेल, खालचा पुढचा पाय पुढे ओढलेला, वरचा मागचा पाय दोराने पुढे घेतलेला. पिशवी धुऊन मधल्या शिवणीपासून दोन सेंटिमीटरवर आठ-दहा सेंटिमीटरचा काप, आधी खालच्या बाजूच्या वृषणावर. काप मोठाच हवा. दया येऊन छोटा काप घेणारे डॉक्टर घोड्यावर उपकार करत नाहीत, कारण तोच छेद पुढे पू आणि पाणी वाहून जाण्याची वाट असते. शेवटी लोंबणारी चरबी कापून टाकायची आणि जखम दोन बोटांनी ताणून मोकळी करायची. टाके घालत नाहीत.

काढलेली दोन्ही वृषणे, अधिवृषणासह (वृषणाला चिकटलेली शुक्राणूंची नळी), ताटात मांडून दाखवायला सांगावे. हीच खरी पावती. अधिवृषणाचा तुकडा राहिला म्हणून घोडा अर्धवट खच्ची झाला आणि माज गेला नाही, ही समजूत खोटी आहे. संप्रेरक वृषणात बनते, अधिवृषणात नाही. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पूर्ण खच्ची केलेल्या घोड्यांपैकी २० ते ३० टक्के घोड्यांत अंडील घोड्यासारखे वागणे शिल्लक दिसले, मग ते लहानपणी केलेले असोत की वयात आल्यावर. त्यामुळे चावणारा घोडा सुधारावा एवढ्यासाठीच खच्ची करत असाल तर चाबूकस्वारावरही (घोड्याला शिकवणाऱ्यावरही) खर्च धरा.

नंतरचे पंधरा दिवस

इथे सेवा देणाऱ्यांत सर्वांत जास्त फरक दिसतो. चांगला डॉक्टर घोडा उठून पायावर स्थिर होईपर्यंत थांबतो आणि सूचना लिहून देतो. काहीजण घोडा उठताच गाडीत बसतात.

पहिले चोवीस तास स्वच्छ, कोरड्या ठाणावर विश्रांती. थेंब थेंब रक्त पडते, ते मोजता येत असेल तर घाबरायचे नाही. थेंबांची धार झाली आणि पंधरा मिनिटांत कमी होत नसेल तर डॉक्टरांना बोलवायचे. तोवर घोडा फिरवायचा नाही, शांत उभा ठेवायचा, जखमेत स्वच्छ गॉझ दाबून भरायचा. गुलाबीसर पापुद्रा किंवा आतडे बाहेर दिसले तर एक मिनिटही वाया घालवू नये. ओली स्वच्छ चादर पोटाखालून झोळीसारखी धरायची, सलाईनने भिजवत राहायचे, घोड्याचा पाय त्यावर पडू द्यायचा नाही. बहुतेक वेळा हे पहिल्या चार तासांत घडते, क्वचित आठवड्याच्या आतही. अंगापिंडाने जड घोड्यांची वंशावळ असेल तर जास्त सावध.

दुसऱ्या दिवसापासून हालचाल हेच औषध. दिवसातून दोन वेळा पंधरा-वीस मिनिटे दोरीवर चालवणे आणि दुडकी, दोन आठवडे. घोडा दुखते म्हणून चालत नाही आणि मोतद्दार दया करतो, मग जखम वरून मिटते, आत पाणी साचते. सूज चौथ्या-पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते, लिंगाची खोळसुद्धा फुगते. ताठ चाल, चंदी सोडणे आणि ३८.६ अंश सेल्सियसच्या वरचा ताप हे तिन्ही एकत्र आले तर जखम पुन्हा उघडावी लागणार. महिन्यांनंतरही छेदातून पू वाहत राहिला आणि जांघेत कडक गाठ हाताला लागली, तर दोरीच्या टोकात जुनाट संसर्ग आहे आणि ते टोक पुन्हा शस्त्रक्रियेने काढावे लागते. यामागे बहुधा अस्वच्छ चिमटा किंवा नको तेवढे जाड बांधलेले दोरे असतात.

जखम पाण्याच्या पाइपने बाहेरून धुवावी, आत पिचकारी मारू नये. माश्या दूर ठेवणारा फवारा कडेच्या कातडीवर मारावा, जखमेत नाही. अळ्या पडल्या तर टर्पेंटाईन ओतण्याची जुनी सवय आहे. अळ्या मरतात, पण मांस भाजते.

दुखण्यावर मेलॉक्सिकॅम, ०.६ मिलिग्रॅम प्रति किलो. डायक्लोफेनॅक मागू नये आणि कोणी दिले तर घेऊ नये. गिधाडे त्यामुळे मरतात म्हणून २००६ पासून जनावरांसाठी ते बंद आहे, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवरही बंदी आली.

शिंगरू लगेच माद्यांच्या कळपात सोडायचे नाही. शुक्रवाहिनीच्या पुढच्या भागात शुक्राणू साठलेले असतात. वयात आलेला घोडा असेल तर महिनाभर घोडीपासून दूर.

विकत घेताना आणि जपताना

चिमटा हातात घेऊन मिटा आणि उजेडाकडे धरून पाहा. चिरडण्याच्या पट्टीत कुठेही उजेडाची फट दिसायला नको. मग जबड्यात साधा कागद धरून दाबा. पट्टीचा ठसा कडेपासून कडेपर्यंत सारखा उमटायला हवा, आणि पात्याची रेघ त्याच्या एका बाजूला, समांतर. ठसा एका टोकाला फिका असेल तर दुकानदार काहीही म्हणो, परत ठेवा. मुठी बाजूला हलवून पाहा, बिजागरीत डगमग नको. क्रोमचा मुलामा दिलेले स्वस्त चिमटे दोन-तीन हंगामांत बिजागरीपाशी सोलतात आणि तिथे गंज धरतो. स्टेनलेस स्टीलचाच घ्यावा. पाते जास्त तासून तल्लख करून आणू नये.

वापरानंतर नट काढून भाग सुटे करायचे, ब्रशने रक्त काढायचे, सुकवून १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह. बिजागरीत अडकलेले वाळके रक्त वाफेनेही निर्जंतुक होत नाही. निव्वळ डेटॉलच्या पाण्यात बुडवून पुढच्या घोड्याला लावलेला चिमटा दिसला तर तिथेच थांबवावे.

पुन्हा जोडताना एक चूक हमखास होते. काही चिमट्यांचा बोल्ट दोन्ही बाजूंनी बसतो, आणि धुऊन परत जोडणारा मदतनीस तो उलट्या बाजूने घालतो. मग नट पट्टीच्या बाजूला येते आणि नट वृषणाकडे हा नियम बरोबर विरुद्ध सांगायला लागतो. म्हणून चिमटा नवा असतानाच, चिरडणाऱ्या बाजूच्या मुठीवर कानशीने एक खोल खाच पाडून घ्यावी आणि दर वेळी नटाऐवजी ती खाच पाहावी.